मुलीची गिटार आणि माझा वेग

संगीतातलं मला एकच कळतं, ते म्हणजे किती लवकर संपलं.

यात माझा दोष नाही. आमच्या घराण्यात (गाण्याच्या नव्हे, नुसत्याच) वेगाला फार मान. माझे काका अथर्वशीर्ष असं म्हणत, की पहिला शब्द आपल्या कानावर पडेपर्यंत ते फलश्रुतीला पोचलेले असत. आरती संथ सुरू व्हायची, पण शेवटाला ज्याची टाळी मागे पडेल तो नास्तिक! एकोणतिसाचा पाढा मी एका श्वासात म्हणायचो, आणि त्या जोरावरच मला बँकेत नोकरी लागली असा आईचा शेवटपर्यंत समज होता.

त्यामुळे आमच्या इराने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली आणि तिची बोटं दिसेनाशी झाली, तेव्हा मला कृतकृत्य वाटलं. बँकेने बदली करून आम्हाला कलकत्त्यात आणलं ते इरा शाळेत असताना. ती इथेच वाढली, इथेच आयटीत लागली. तिचं मराठी जरा डगमगतं, पण बोटं नाही. बालीगंजच्या आमच्या फ्लॅटवर कुणीही आलं, अगदी गॅस सिलिंडरवालासुद्धा, की मी म्हणायचो, "इरा, ते फास्टवालं वाजव!" पाहुण्याचा चहा निवायचा, पण तोंड मिटायचं नाही.

तर इराला लग्न करायचं होतं अर्कशी. तो तिच्याच ऑफिसातला, बागबाजारचा, स्वभावाने गरीब. सगळं ठीक होतं, अडलं होतं अर्कच्या वडिलांपाशी. शुभेंदूबाबू हवाईयन गिटार वाजवतात. म्हणजे गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवत जुनी बंगाली गाणी वाजवायची. प्रत्येक सूर असा लांबतो, की मध्ये उठून दूध तापवून यावं. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे निव्वळ गोंगाट, हे त्यांचं ठाम मत. लग्नाचा विषय निघाला की ते नाही म्हणत नसत. "देखते हैं" म्हणत आणि झोपायला जात.

शेवटी त्यांनी आम्हाला रविवारी जेवायला बोलावलं. इराने मला आदल्या दिवशीच बजावलं, "बाबा, अंकलना माझी गिटार आवडली पाहिजे. नाहीतर ते हो बोलतील, पण मनातून नाही बोलणार. मी काय वाजवायचं ते ठरवलंय. तू फक्त बसून जा."

"बसून जा काय! बसून राहा म्हणावं."

"तेच. बसून राहा."

बागबाजार म्हणजे जिथून कलकत्तेकरांनी एके काळी मराठ्यांना अडवायला खंदक खणायला घेतला, ती जागा. खंदक केव्हाच बुजलाय. त्यामुळे मी पुढे, माझ्या हातात अँप्लिफायर, मागे गिटार घेऊन इरा आणि शेवटी चिरोट्यांचा डबा घेऊन आमची ही, सुनीता, अशी स्वारी विनासायास आत शिरली.

जेवण झालं. ते तीन तास चाललं, त्याबद्दल मी काहीही बोलणार नाही. मग शुभेंदूबाबूंनी गिटार मांडीवर घेतली. डोळे मिटले. एक सूर निघाला, सरकत सरकत वर गेला, तिथे थरथरला आणि थांबला.

मी टाळ्या वाजवल्या. "वाह! वाह!"

सुनीताने कोपर मारलं. "अहो, आत्ताशी सुरुवात झालीय!"

सूर पुन्हा निघाला, खाली आला, थांबला. मी चांगली वाट पाहिली. एवढ्या वेळात आमच्या काकांचं अथर्वशीर्ष दोनदा झालं असतं. मग मी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

शुभेंदूबाबूंनी एक डोळा उघडला. "दादा, अभी तो आधा लाइन हुआ है।"

गाणं कधीतरी संपलं. या वेळी मात्र मी टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणजे तिथेही चुकलोच! ती चूक भरून काढायला मी म्हणालो, "बहुत अच्छा! हमारी इरा भी बजाती है। लेकिन उसका स्पीड देखिए आप!"

"देखा है। अर्क ने मोबाइल पर दिखाया।" शुभेंदूबाबूंनी कांडी खाली ठेवली. "उंगली तो बहुत दौड़ता है, दादा। लेकिन जाता किधर है?"

अर्कने माझ्याकडे गयावया करत पाहिलं. इरा गिटार गळ्यात अडकवून उठली आणि म्हणाली, "बाबा, मी आधी स्लो वाजवते. मग हळूहळू फास्ट करणार."

आता इथे शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. पण घराण्याच्या वेगावर प्रश्नचिन्ह लागलेलं! "हळूवालं कशाला? हळूवालं त्यांनी आत्ताच वाजवलं की! सरळ फास्टवर जा!"

"बाबा, प्लीज…"

"जातं किधर विचारतायत ना? दाखव त्यांना!" असं म्हणून मी अँप्लिफायरचं एक बटण फिरवलं. कुठलं ते मला माहीत नव्हतं, म्हणून शेजारचंही फिरवलं.

पहिल्याच फटक्याला खिडकीवरची कबुतरं उडाली. कपाटातल्या काचेच्या बश्या किणकिणायला लागल्या. समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला दोन बायका बाहेर आल्या (त्यांना वाटलं, गडगडलं!). अर्कची आई हातातली मिठाईची बशी घेऊन दारातच थिजली. इराने पायाच्या बोटानेच बटण फिरवून आवाज थोडा कमी केला, माझ्याकडे एकदा जळजळीत पाहिलं आणि सुटली ती सुटलीच.

मला राहवेना. यजमानांना समजावून सांगणं हे माझं कर्तव्य होतं. मी शुभेंदूबाबूंच्या कानाशी ओरडलो, "देखिए, ये आपके जैसा नहीं है! एकदम अलग चीज है! इसमें गाना-वाना कुछ नहीं! सिर्फ स्पीड!"

त्यांनी डोळे मिटलेले. ओठ हलत होते. हे थांबावं म्हणून देवाला साकडं घालतायत, असं मला वाटलं.

"अभी और फास्ट होगा!" मी धीर दिला.

"चुप!" शुभेंदूबाबू गरजले.

मी चुप झालो. अर्कने मान खाली घातली होती आणि माझ्या मुलीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं. इरा मात्र डोळे मिटून वाजवत राहिली, आणि शेवटी एकच सूर वर ताणून तो तिने तसाच लटकत ठेवला.

सूर विरला, तरी कबुतरं परत येईनात.

"अलग है ना?" मी क्षीण आवाजात विचारलं.

शुभेंदूबाबूंनी डोळे उघडले. ते ओले होते. "अलग? दादा, ये तो मेरा गाना है।"

"कौनसा?"

"जिसके बीच में आप दो बार ताली बजाया।"

मी सुनीताकडे पाहिलं. ती कपाळाला हात लावून बसली होती. "अहो, महिनाभर घरात हेच वाजतंय! अर्कने त्याच्या बाबांच्या या लाडक्या गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. आधी हळू, मग रोज थोडं थोडं जोरात. तुम्ही काय ऐकता तरी काय?"

मी काय ऐकणार? हळू वाजायचं तेव्हा मी फिरायला जायचो, आणि जोरात वाजायचं तेव्हा बोटं बघायचो. मला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्यांपर्यंत. इतकी वर्षं ज्याची फुशारकी मारली, त्यात गाणं असतं हे त्या बागबाजारच्या माणसाला एका बैठकीत कळलं, आणि मला नाही.

"एक भी सुर छोड़ा नहीं," शुभेंदूबाबू इराला म्हणाले. मग जागच्या जागी थोडे सावरून बसले. "लेकिन इतना जल्दी क्यों, मा? ट्रेन पकड़ना है?" (इथे लेकीलाही मा म्हणतात.)

इरा त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि बंगालीत सांगायला लागली. मला समजलं ते एवढं, की तुम्ही वाजवता तेव्हा गाण्यातलं दुःख थेंब थेंब येतं, मी वाजवते तेव्हा ते बांध फुटल्यासारखं येतं, श्वास घ्यायला वेळ देत नाही. कधी कधी तसंही येतंच ना?

"आता है," शुभेंदूबाबू म्हणाले. "लेकिन बीच में कोई बगल में कमेंट्री न दे, तो।"

मग त्यांनी कांडी उचलली. ते संथ, ती त्यांच्या मागे, आणि मध्येच ती पुढे धावून जायची, वळणावर त्यांची वाट बघत थांबायची. अर्कची आई दारातच बशी हातात धरून ऐकत होती. मी हात मांडीखाली दाबून बसलो. ते संपल्यावर शुभेंदूबाबूंनी अर्कला पंजिका, म्हणजे त्यांचं पंचांग, आणायला सांगितली. लग्नाच्या तिथीचं बघायचं होतं. झोपायला कुणी गेलं नाही.

आता दर रविवारी व्याही आमच्याकडे येतात. दोन्ही गिटार लागतात, सुनीता तल्लीन होते, अर्कही. मला मात्र बैठक सुरू झाली की गडियाहाटच्या बाजारात मिष्टी, म्हणजे मिठाई, आणायला पाठवतात. निघताना शुभेंदूबाबू स्वतः दारापर्यंत येतात, खांद्यावर हात ठेवतात आणि मोठ्या प्रेमाने सांगतात, "धीरे धीरे आना, दादा। कोई जल्दी नहीं।"