गट नंबरातली तिरपी रेघ

दर गुरुवारी प्रोग्रॅमर भाऊ धुळ्याहून एसटीने आमच्या जळगावच्या माती तपासणी कार्यालयात येत. संगणकावरचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. चपला खोलीबाहेर काढायच्या, रुमालाने कळफलक पुसायचा आणि दाबलेल्या प्रत्येक कळेचं नाव पुटपुटायचं, ही त्यांची रीत. बोलता बोलता मध्येच अहिराणी यायची.

एका गुरुवारी साहेब तापलेले होते. ११२/१ या गट नंबराच्या शेताचा अहवाल मागितला की ११२/२ चा निघायचा. असे एकतीस अहवाल पुसले गेले होते. नोंदी करणाऱ्या अक्का रोजंदारीवर होत्या. साहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

भाऊंनी त्या एकतीस गटांची यादी शांतपणे तपासली. "साहेब, अक्कांनी बरोबर टाइप केलं शे. फाइलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही, म्हणून माझा प्रोग्रॅम रेघेपासून पुढचं तोडतो. दोन्ही शेतांना एकच नाव मिळालं, नंतरच्या अहवालाने आधीचा पुसला."

"मग रेघ टाकलीच कशाला?"

"भावाभावांत वाटणी झाली की गटात रेघ पडतेच, साहेब. माझ्याच शेतात पडली शे. मला सुचायला हवं होतं."

एवढं कागदावर लिहून त्यांनी खाली सही केली. त्यांच्या जागी मी असतो तर केली असती का, सांगता येत नाही. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि अक्कांना जागेवर बसायला सांगितलं.

अक्का घाबरत म्हणाल्या, "भाऊ, मी रेघेऐवजी दुसरं काही टाकू का?"

"नको अक्का. शेतकरी सांगेल तसंच लिहा. प्रोग्रॅममध्ये जे जे बदलायचं ते बठ्ठं मी बदलतो."