पुतण्याच्या डोक्यावर ठेवलेला हात

माझ्या मालकांना त्यांच्या सख्ख्या पुतण्याने मारलं. बाळकुम गावात, आमच्या घराच्या मागे, जमिनीच्या वाट्यावरून. मी मोरीवर भांडी घासत होती, मी बघितलं. कोयता आमच्याच घरातला, झावळ्या तोडायचा. हे आधीच बोलून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

तो पोरगा आमच्यातच वाढलेला. माझा दीर लवकर गेला, मग जाऊ आणि तिचा मुलगा आमच्याबरोबरच. पुढे मध्ये भिंत घातली, चुली दोन झाल्या, पण ओटा एकच राहिला. हे गेले, तो जेलात गेला, आणि त्या ओट्यावर आम्ही दोघी उरलो. ती माझ्याशी बोलायची नाही, मी तिच्याशी बोलायची नाही. पाणी आलं की नळावर मात्र एकीमागून एक जायचो.

केस ठाण्याला, सेशन कोर्टात. मी दुसरीपर्यंत शिकलेली. मला वाटायचं, मी बघितलंय, जाऊन सांगायचं, जजसाहेब शिक्षा देणार, झालं. तसं काही नसतं. तारखा पडत राहिल्या. माझी साक्ष होईपर्यंत मला आत बसू पण देत नव्हते, आधी दुसऱ्याचं ऐकायचं नसतं म्हणे. बाहेर बाकड्यावर बसून राहायची. सरकारी वकील एक तरुण बाई होती. ती एकदा बाहेर आली ती तोंड पाडूनच. आमच्या आळीतला एक पंच होता, पोलिसांनी कोयता पकडला तेव्हा त्याने सही केलेली. आत जाऊन तो बोलला, मला काही आठवत नाही. वकीलबाई बोलली, आजी, आता तुमच्या साक्षीवर बरंच आहे. तिथे कचरलात तर हा सुटेल.

माझ्या साक्षीच्या दिवशी मी तशीच बाकड्यावर बसलेली. पोलीस त्याला हाताला धरून घेऊन आले. फार वाळलेला. मला बघितलं आणि तो वाकला, माझ्या पायांना हात लावला. दिवाळीला लावायचा, गणपतीत लावायचा, तसाच. माझा हात त्याच्या डोक्यावर गेला, तोंडातून निघालं, सुखी रहा. पोलिसाने त्याला ओढून आत नेलं. त्याचा वकील तिथेच उभा होता, त्याने सगळं बघितलं. हे मी काय बोलून बसली?

आत पिंजऱ्यात उभी राहिली. एवढी माणसं, पण शांतता अशी की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. जजसाहेब माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे असतील. पाणी हवंय का, बसून बोलता का, त्यांनीच विचारलं. शपथ घेतली, बघितलेलं सांगितलं. मग त्याचा वकील उठला.

"आजी, आज सकाळी तुम्ही आरोपीला आशीर्वाद दिलात?"

"दिला."

"सुखी रहा बोललात?"

"बोलली."

"ज्याने आपला नवरा मारला त्याला कुठली बाई असं बोलेल?"

मागे कोणीतरी हसलं. जजसाहेबांनी नुसतं तिकडे बघितलं, हसणं थांबलं. वकील बोलला, म्हणजे तुम्ही याला बघितलंच नाही, पोलिसांनी नाव शिकवलं ते तुम्ही घेताय. वकीलबाई उठायला लागली. जजसाहेबांनी हाताने तिला थांबवलं आणि मला बोलले, सावकाश सांगा, घाई नाही.

मी बोलली, "साहेब, तो पाया पडला म्हणून हात ठेवला. आमच्यात पाया पडलेल्याला तसंच पाठवत नाहीत. पण कोयता त्याच्याच हातात होता. तो पण मीच बघितला."

जजसाहेबांनी ते एकेक वाक्य करून सांगितलं, बाजूची मुलगी टाईप करत गेली. मग मला वाचून दाखवलं. हात ठेवला ते होतं, कोयता होता ते पण होतं. एकाखाली एक. मी बघतच राहिली. इतकी वर्षं नातेवाईक मला सांगत आलेले, एक काहीतरी ठरव, तू मेलेल्याची बायको की त्याची काकी. तिथे कोणी ठरवायला सांगितलं नाही. दोन्ही लिहून घेतलं. मी माझ्या वाकड्या अक्षरात सही केली.

त्याच्यानंतर मी प्रत्येक तारखेला आत मागे बसायची. डॉक्टर आला, तो फक्त जखमेचं बोलला. हवालदार आला, तो फक्त जागेचं बोलला. सील केलेलं पाकीट फोडून कोयता काढला तेव्हा मी खाली बघितलं. रक्ताच्या तपासणीचा कागद वाचला. ही माणसं एकमेकांना ओळखत पण नव्हती. गोधडीला जुन्या लुगड्याचे तुकडे जोडतात, तसे ते साहेब न बोलता जोडत होते. एवढा धीर माणसात कुठून येतो, मला अजून नवल वाटतं. मी ओरडली असती.

निकालाच्या दिवशी जागा नव्हती, म्हणून जाऊ आणि मी एकाच बाकावर. गुन्हा साबीत झाला असं सांगून साहेबांनी त्याला विचारलं, शिक्षेबद्दल काही बोलायचंय का. तो बोलला, आई एकटी आहे. साहेबांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं. मग जन्मठेप दिली. इतक्या हळू बोलले की मागचे विचारायला लागले, काय झालं, काय झालं. साहेबांनी चष्मा काढून थोडा वेळ तसाच हातात धरला. मग पुढच्या केसचा पुकारा झाला.

वकीलबाईने मला निकालातलं समजावलं. तुम्ही आशीर्वाद लपवला नाही, म्हणून तुमचं बाकीचं पण खरं धरलंय, असं लिहिलंय बोलली. वर डॉक्टरचं आणि रक्ताचं जुळलं.

बाहेर पायऱ्यांवर जाऊ थांबली. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"तुझ्या एका शब्दाने गेला गो माझा."

"एकीच्या शब्दाने तिथे कोणी जात नाही," मी बोलली. "मी बसून बघितलंय."

तिचे गुडघे धरलेले. मी हात दिला, तिने घेतला. बाळकुमला दोघींना जायचं, एकच रिक्षा केली. अर्धा रस्ता गेला. मग तिने विचारलं,

"त्या जजला पोरं असतील गो?"

"असतील," मी बोलली.

मग ती बाहेर बघत बसली.