बंगल्याच्या हिरवळीला गेलेलं पाणी

पाचगणीच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत राहीबाईचं दहा गुंठे रान होतं. नवरा जोतिबा पलटणीत. वर्षाकाठी एकदा रजेवर यायचा, बाकी अकरा महिने रान तिचंच. त्यात ती स्ट्रॉबेरी लावी. वाफ्यांत वाळलेलं गवत अंथरी, म्हणजे फळ मातीला टेकून सडत नाही.

पाणी वरच्या झऱ्याचं, पाटानं येणारं. आठ दिवसांतून एकदा त्यांच्या घराची पाळी. उगवतीपासून दुपारपर्यंत राहीबाईचं रान भिजायचं, दुपारनंतर धाकट्या दिराचं, नानासोचं.

बहात्तरच्या दुष्काळात झरा मार्गशीर्षातच बारीक झाला. नानासो मुंबईच्या एका शेटच्या बंगल्यावर माळी होता. बंगल्यापुढची हिरवळ पिवळी पडू लागली तसं त्याने राहीबाईची सकाळ गुपचूप तिकडे वळवली. स्वतःची दुपार मात्र त्याने हलवली नाही.

"वयनी, झऱ्यालाच पाणी न्हाई, मी काय करू?" तो म्हणाला.

"झऱ्याला न्हाई, मग बंगल्याला कुठनं आलं, भावजी?"

त्यावर तो हसला. ते हसणं राहीबाईच्या डोक्यात गेलं ते गेलंच.

पिण्याच्या पाण्याच्या खेपा करून झाल्या की ती आणखी सहा हंडे डोक्यावरून आणी. त्यात दोनच वाफे भिजत. उरलेल्या अठरा वाफ्यांना पंधरवड्यातून एकदा, तांब्या-तांब्याने. महिनाभरात फरक उघडा पडला. ओल्या वाफ्यांतली पानं तळहाताएवढी, देठ ताठ. कोरड्यांतली पानं रुपयाएवढी, कडा करपलेल्या, रोप जमिनीला धरून बसलेलं. फुलं धरली, पण निम्मी सुकून गळाली. राहिलेली फळं बोराएवढी. मात्र तोंडात टाकलं की गोडी नुसती भरून यायची, कारण फळात पाणीच नव्हतं.

फेब्रुवारीत पाचगणीला फळाफुलांचं प्रदर्शन भरलं. राहीबाईने दोन परड्या ठेवल्या, एक ओल्या वाफ्याची, एक कोरड्याची. शेतकी खात्याच्या साहेबांनी दोन्ही चाखल्या आणि चवीचं पहिलं बक्षीस कोरड्या परडीला दिलं. पितळी तांब्या होता तो.

नानासोला आयतंच फावलं. झऱ्याच्या पाळ्या लालासाहेब ठरवीत. वय सत्तरीचं, शब्दाला गावात मान. त्यांच्या ओट्यावर चार माणसांत नानासो म्हणाला, "बघा, पाणी तोडलं म्हणून बक्षीस आलं. आता हिला पाणी दिलं तर गोडी जाईल. मी आपला हिच्या भल्याचंच करतोय."

माणसं हसली. लालासाहेबही मिशीत हसले.

राहीबाई तशीच रानात गेली. दोन रोपं मुळासकट उपटून आणली आणि ओट्यावर ठेवली.

"लालासाहेब, तुमी शेतकरी हाय न्हवं? मग बघा. ह्या ओल्या रोपाला तीस फळं लागली. ह्या वाळक्याला नऊ. ह्याच्या बुडातनं दोर फुटायलेत बघा, त्येला मुळ्या धरल्या की फुडल्या सालाची रोपं. ह्या वाळक्याला एक तरी दोर हाय का? गोडी गोडी म्हणताय, फुडल्या साली मी काय तांब्या लावू?"

लालासाहेबांनी दोन्ही रोपं हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. त्यांना कळलं होतं, हे तिला दिसत होतं. तरी ते म्हणाले, "खरं हाय पोरी. पण पाळी जोतिबाच्या नावावर हाय. त्यो रजेवर आला की बसू."

"त्ये जेठात येत्यात. तवर रोपं ऱ्हात न्हाईत."

"मग माझा विलाज न्हाई."

तिने रोपं उचलली. घरी येऊन भाकरी थापताना तिचा हात इतका जोरात पडत होता, की शेजारच्या रंगुबाईने कुडापलीकडून विचारलं, "काय गं, कुणाला बडवतीस?"

पुढच्या पाळीला दिवस उगवायला राहीबाई खोरं घेऊन पाटावर गेली. बंगल्याकडचं तोंड तिने माती ओढून बुजवलं, आपल्या रानाचं फोडलं आणि त्या बुजवलेल्या तोंडावर उभी राहिली. पाणी तिच्या घोट्यांना लागून रानाकडे वळलं.

नानासो धावत आला. "वयनी, बाजूला व्हा. शेट आजच येणार हाय."

"येऊ द्या की. त्येला बी इथंच उभा करते."

"बाजूला व्हा म्हणतो."

"मला ढकला आन् फोडा तोंड."

वडील भावजय आईच्या जागी. तिला हात लावला असता तर गावाने त्याला ओट्यावर बसू दिलं नसतं. तो हात चोळत राहिला. वाटेने जाणारी माणसं थांबली, त्यांत लालासाहेबही होते. तेही निघून गेले नाहीत. दुपार होईपर्यंत राहीबाई तिथून हलली नाही. पुढच्या पाळीलाही ती तशीच उभी होती, आणि त्याच्या पुढच्याही. मग नानासोने यायचं सोडलं.

कोरड्या वाफ्यांना चैत्रात दोर फुटले, पण थोडे. पावसाळ्यानंतरच्या लागणीला दहातलं पाचच गुंठे रान भरेल, एवढेच. जेठात जोतिबा रजेवर आला आणि म्हणाला, "झालं गेलं सोड. भाऊच हाय त्यो."

राहीबाईने त्याला हाताला धरून रिकाम्या पडणाऱ्या वाफ्यांपाशी नेलं आणि म्हणाली, "ह्यास्नी सांगा, सोडा म्हणून."