धोंड्याचं वाण घेऊन वॉटर पार्कला

अधिक महिना लागला तसे आमच्या घरात अनारशाचे तांदूळ भिजले. थोरल्या मुलीच्या, मुक्ताच्या, लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारसे आणि दिवा वाण म्हणून द्यायचे, असा आमच्या मंडळींचा, म्हणजे शोभाचा, बेत पक्का होता. तेवढ्यात पुण्याहून मुक्ताचा फोन आला.

"बाबा, निखिलला दोनच दिवस सुट्टी आहे. घरी नको, शिर्डीच्या बाजूला ते मोठं पार्क आहे ना, तिथंच सगळे भेटू. एक मुक्काम करू. खोल्या मी बघते."

"वाण काय झोक्यावर बसून द्यायचं व्हय?" शोभा म्हणाली. पण धाकटी सई नववीत आहे. तिने आईच्या गळ्यात हात टाकले आणि प्रश्न तिथेच मिटला. मी गावातल्या दूध संकलन केंद्रावर काम करतो. दूध सकाळ-संध्याकाळ येतं, त्यामुळे मुक्कामाला कुठे जाणं आम्हाला माहीतच नाही. दोन दिवस मेहुण्याला बसवलं आणि निघायचं ठरलं.

आदल्या दिवशी अनारसे तळताना शोभाने मला विचारलं, "जावई मला काय म्हनत्यात, सांगा बरं?"

मी आठवू लागलो. मला ते 'बाबा' म्हणतात. तिला? "पाणी मिळेल का", "येतो मग", "जेवण छान झालं होतं". सगळं बोलणं नीट, आदराचं, पण हाक कुठेच नाही.

"काहीच म्हणत नाहीत," मी म्हणालो.

"दोन वर्सं झाली. मामी म्हना, मावशी म्हना, कायबी चालंल. निस्तं हवेत बोलत्यात." तिने अनारसा झाऱ्यावर निथळत धरला. जाळी सुरेख पडली होती. "लहानपनीच आई गेली त्यांची. समजतंय मला. पन समजून काय हुतंय?"

मी पोथी वाचायला बसलो.

तिसगावहून आम्ही पहाटेच निघालो. मिरीमार्गे पांढरीपूल, तिथून हायवेने घोडेगाव. घोडेगावात म्हशी भरलेले टेम्पो आडवे आले की घाई करू नये, त्यांचा रस्ता आधी, आपला नंतर. पुढे शिंगणापूरला दर्शन घेतलं. सकाळी लवकर गेलात तर गर्दी लागत नाही. तेल तिथेच मिळतं, घरून न्यायची गरज नाही. राहुरीपासून मनमाडचा रस्ता धरला की गाडी आणि कंबर दोन्ही सांभाळावी लागतात. कोल्हारला चहा घेतला. एरवी राहात्याला रस्त्याच्या कडेला पेरूच्या टोपल्या असतात, पण हंगाम नव्हता. सबंध वाट शोभा वाणाचा पितळी डबा मांडीवर घेऊन बसली होती. मागे ठेव म्हटलं तर म्हणाली, "खड्ड्यानं जाळी मोडंल."

रिसॉर्टचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच जाहिरात व्हायची. पण जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोली दुपारी दोनला मिळते आणि आम्ही साडेदहालाच दारात उभे होतो. आपल्याकडे पाहुणा सकाळी आला तर त्याला दुपारपर्यंत ओट्यावर बसवत नाहीत, म्हणून हे आमच्या डोक्यातच आलं नाही. पार्कचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं, आणि ते मुक्ताने शहाणपणाने केलं होतं. आल्या दिवशी तिकीट काढलं तर अर्धा दिवस सामान सांभाळण्यात जातो. पण मग हा पहिला दिवस भरायचा कशाने, हा प्रश्न उरतोच.

आमचा पहिला तास फाटकातच भरला. पिशव्या तपासणारा गार्ड शोभाच्या डब्यापाशी अडला.

"मावशी, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"हे खायचं न्हाई. वाण हाय."

"खायचं नाही तर आणलं कशाला?"

"जावयाला द्यायला."

"म्हणजे जावई खाणारच की!"

"तो त्यांचा प्रश्न," शोभा म्हणाली.

मागच्या रांगेतले लोक हसायला लागले. गार्ड कोपरगावकडचा होता, त्यालाही हसू आवरेना. "मावशी, माझ्या सासुरवाडीनं अजून बोलावलं नाही बघा. महिना संपत आला. हा डबा इथंच ठेवा, माझाबी धोंडा होईल." मग त्याने आत फोन केला. बंदी पार्कमध्ये आहे, राहत्या खोलीत नेलं तर हरकत नाही, असं उत्तर आलं. डबा सुटला. शोभाने झाकण उघडून वर जादा आणलेले दोन अनारसे त्याच्या हातावर ठेवले. मोजून तेहतीस वाणाचे, वरचे असे वाटेतल्या माणसांचे, ही तिची पद्धत.

बारा वाजेपर्यंत आम्ही थंडगार दालनात कोचाच्या कडेला बसून राहिलो. काउंटरवरची मुलगी शोभाला 'मॅडम' म्हणाली, झाडूवाली 'ताई' म्हणाली, सामानाचा पोरगा 'काकू' म्हणाला. शोभा माझ्याकडे बघून नुसती हसली. का हसली ते मला कळलं.

साडेबाराला मुक्ता आणि निखिलराव आले. दोघे पाया पडले. "बाबा, रस्ता कसा होता?" त्यांनी मला विचारलं. मग शोभाकडे वळून, "दमला असाल ना?" शोभा म्हणाली, "न्हाई, न्हाई." एवढंच. माणूस वाईट नाही. तिच्या हातातली जड पिशवी त्यांनी न सांगता घेतली होती.

दुपारचं जेवण बाहेरच्या खानावळीत उरकावं, आतल्यापेक्षा निम्म्यात होतं आणि भाकरी गरम मिळते. मी अधिकात एकवेळ जेवतो, म्हणून मी तिथेच जेवून घेतलं. त्यामुळे माझं रात्रीच्या बुफेचं कुपन वाया गेलं. सई अजून त्यावरून चिडवते.

खोली मिळाल्यावर शोभाने पाट मागितला. पाट कुठला असणार! प्लास्टिकच्या खुर्चीवर नवा टॉवेल अंथरून जावयांना बसवलं. डोक्यावर टोपी हवी म्हणून दुसरा टॉवेल घडी करून ठेवला. निरांजन लावणार तोच सई ओरडली, "आई, थांब! वर धुराचं यंत्र आहे, भोंगा वाजेल!"

मग सगळी वरात गॅलरीत. जूनचा वारा, काडी पेटेना. पेटली तर वात टिकेना. शेवटी निखिलरावांनीच खुर्चीवरून उठून दोन्ही हातांचा आडोसा केला. ज्याला ओवाळायचं तोच दिवा राखून उभा, असं ते ओवाळणं झालं. समोर आकाशात लोखंडी झोपाळ्यातून माणसं उलटी लटकून किंचाळत होती. शोभाने कुंकू लावलं, डबा आणि वाणाचा दिवा हातात दिला. म्हणाली, "गोड मानून घ्या."

निखिलराव वाकले. तोंड उघडलं. मी श्वास धरला होता, खोटं कशाला सांगू.

"थँक्यू," ते म्हणाले. "खूप छान आहे हे सगळं."

शोभाने "असू द्या, असू द्या" म्हणून निरांजन उचललं आणि आत गेली. वात कधीच विझली होती. तरी ती पदराने झाकत गेली.

संध्याकाळी करायचं काय? शिर्डी जवळ आहे, दर्शनाला जाता येतं. पण ते परतताना करायचं ठरलं होतं. मुक्कामाला असणाऱ्यांसाठी रिसॉर्टचा वेगळा तलाव असतो, त्याला निराळं तिकीट नाही. पहिला दिवस भरायला याहून चांगलं काही नाही. साडी चालत नाही, नायलॉनचे कपडे भाड्याने मिळतात. बायकांना हातापायभर निळा पोशाख आणि निळी टोपी. मोबाईल लॉकरमध्ये ठेवावे लागतात. शोभा आधी नको नको म्हणाली. सई आणि मुक्ताने तिला आत नेलं. बाहेर आली तेव्हा मी ओळखलंच नाही. ती ओरडली, "हसलात तर बघा!" मी हसलो नाही. आतल्या आत हसलो.

तलावाभोवती पाण्याचा गोल पाट केला आहे. रबरी चाकात बसायचं, पाणी आपोआप फिरवून आणतं. शोभाने वाकून बघितलं. "ह्यो तर पाट हाय की ओ! कुठल्या धरनाचं आवर्तन सुटलंय?" आमच्याकडे कालवा कधी आलाच नाही. कालव्याचं पाणी तिने माहेरी, नेवाशाकडे, पाहिलेलं. तीस वर्षांनी ती वाहत्या पाण्यात उतरत होती. निखिलरावांनी चाक धरून तिला बसवलं आणि सांगितलं, "पायऱ्या आल्या की उतरायचं."

मुली घसरगुंडीकडे गेल्या. निखिलराव आणि मी पायऱ्यांवर उभे राहिलो. गर्दी वाढत गेली. पाटातून चाकं येत होती, जात होती आणि प्रत्येक चाकात निळा पोशाख, निळी टोपी. बराच वेळ झाला. शोभा काही उतरली नाही.

मी हाक मारली, "अगं ए!" चार बायकांनी वळून बघितलं आणि एका नवऱ्याने माझ्याकडे डोळे वटारले. आयुष्यभर मी तिला चारचौघांत नावाने हाक मारलेली नाही. तिथेही जीभ उचलेना.

"बाबा, त्यांना उतरता आलं नसेल," निखिलराव म्हणाले. चेहरा उतरला होता, चाकात त्यांनीच बसवलं होतं ना. "अहो!" त्यांनी हाक मारली. पाच-सहा अहो वळल्या. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला आणि जोरात ओरडले, "आई!"

झालं. पाटातल्या झाडून सगळ्या बायका वळल्या. कुणाचं पोर हरवलं म्हणून दोघीतिघी उठायला लागल्या. आणि त्या गर्दीतून एक चाक आमच्या समोरून गेलं. शोभाच होती. दोन्ही मुठी चाकावर घट्ट, डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते. नामस्मरण चालू असावं. एकटी तीच वळली नाही. गेली पुढे.

"ऐकू आलं नाही त्यांना," निखिलराव म्हणाले आणि पाण्यात उतरले. पुढच्या फेरीला चाक वळणावर दिसताच ते पाटाच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून ओरडले, "आई! अहो, अनारशाच्या आई! इकडं! इकडं बघा!"

सगळा तलाव हसला. शोभाने डोळे उघडले.

"कोन, मला व्हय?"

"तुम्हालाच, आई. हात द्या. पाय टेका, कमरेएवढंच पाणी आहे."

तिने पाय टेकले. उभी राहिली. पाणी खरंच कमरेएवढं होतं. टोपी तिरकी झालेली, श्वास लागलेला. जावयाचा हात धरून ती पायऱ्या चढून आली आणि मला म्हणाली, "लई वेळ लावला तुमी हाक मारायला."

रात्री जेवताना निखिलराव तीनदा 'आई' म्हणाले. एकदा मीठ मागायला, एकदा पंखा लागतोय का विचारायला आणि एकदा उगाचच. मुक्ता ताटात बघत होती. अनारसे जेवणघरात आणायचे नाहीत, म्हणून बाकीच्यांनी खोलीत जाऊन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पार्क झालं. सईने उंचावरून पडण्याचे सगळे प्रकार केले. मी एका झोपाळ्यात बसलो आणि देवाला आयुष्यात न दिलेली वचनं दिली. ज्यांना मणक्याचा त्रास आहे त्यांनी नुसतं सावलीत बसावं, तेही छान वाटतं. परतताना शिर्डीत दर्शन घेतलं, मुक्ता-निखिलराव तिथून पुण्याला गेले, आम्ही रात्री उशिरा घरी.

आता घरी येऊन आठवडा झाला. काय राहिलं म्हणाल तर झोपाळे नाही राहिले. काल सकाळी शोभा ओवाळायला नेलेलं निरांजन चिंचेने घासत होती. मी सहज म्हणालो, "पहिल्या हाकेला तुला ऐकू गेलं असतं तर एक फेरी वाचली असती."

ती घासतच राहिली. मग म्हणाली, "गेलं हुतं की ऐकू."

"मग डोळे का उघडले नाहीस?"

"परत म्हनत्यात का बघत हुते."

मी ओट्यावर बसून राहिलो. इतकी वर्षं मी देवाला हाका मारतो आणि तो ओ देत नाही म्हणून मनातल्या मनात कधी कधी रुसतो. ऐकू जात नसेल, असंच मी धरून चाललो होतो.

"बसलाय काय नुसतं?" शोभाने निरांजन उन्हात पालथं घातलं. "केंद्रावर कॅन येऊन थांबले असतील. उठा."

मी उठलो.