पोटातली चूक

…तर हातोडी बेंबीपाशी गेली आणि टक् करून चिकटली. इथवर काल येऊन थांबलो होतो. ती चिकटली आणि ठोकेमामा मटकन खाली बसले, तर ज्या सोफ्यावर बसले तो निम्मा उसवलेला. खालची स्प्रिंग अशी टोचली की बसले त्याच्या दुप्पट वेगाने उठले.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जायला हवं. ठोकेमामा म्हणजे सोफे, खुर्च्या, डॉक्टरांची टेबलं, जे काही बसल्या-निजल्याने फाटतं ते सगळं नव्याने मढवून देणारा माणूस. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला मामी शिवणयंत्रावर कव्हरं शिवणार, दुसऱ्या टोकाला मामा ती ठोकणार, आणि मधे काथ्या, स्पंज आणि रेक्झिनची भेंडोळी. हे ठोकणं होतं चुकांनी. चुका म्हणजे बारीक, काळे, टोकदार खिळे. आता बघा, एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग चुका धरायच्या कुणी? तोंडाने. मामा मूठभर चुका गालात भरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचे, हातोडीच्या चुंबकी टोकाने ती टिपायची आणि लाकडात ठोकायची. ओठ, हातोडी, लाकूड. ओठ, हातोडी, लाकूड. बघणाऱ्याच्या घशाला कोरड पडायची.

मामींना हे मुळीच पसंत नव्हतं. लग्न झाल्यावर महिनाभरातच त्यांनी बजावून ठेवलं होतं, "ज्या दिवशी एक जरी चूक पोटात गेली, त्या दिवशी दुकानाला कुलूप. शब्द द्या."

"दिला," मामा म्हणाले होते. तोंडात तेव्हाही अकरा चुका होत्या, म्हणून ते "धिला" असं ऐकू आलं, पण शब्द तो शब्दच.

आणि चार वर्षांपूर्वी एक गेली. कशी? मामींमुळेच. मामींनी शिवता शिवता कुणाची तरी फजिती अशी रंगवून सांगितली की मामांना हसू फुटलं, आणि गालातली एक चूक हसण्याबरोबर खाली उतरली.

"काय झालं? एवढ्यात हसू आटोपलं?" मामींनी विचारलं.

"आता कळला विनोद," मामा म्हणाले, आणि पुढची चूक ओठांवर आणली.

त्यानंतर काही झालं नाही. चार वर्षं काही झालं नाही. मग गेल्या सहा महिन्यांत पोटात कळा येऊ लागल्या. जेवलं की तासाभरात पोट पिळवटायचं. वजन उतरलं, विजार पट्ट्याच्या शेवटच्या भोकावर टिकून राहिली. डॉक्टरांनी वरून दुर्बीण घालून पाहिलं, खालून घालून पाहिलं. दोन्हीकडे स्वच्छ. "पण मधे लहान आतड्याचा एवढा मोठा रस्ता आहे," डॉक्टर म्हणाले, "तिथे माझी दुर्बीण पोचत नाही. आतड्याचा एमआरआय करा. त्याशिवाय औषध दिलं तर ते अंदाजपंचे."

सोबत एक माहितीचं पत्रक दिलं. मामींनी ते चष्मा लावून मोठ्याने वाचलं. यंत्रात क्ष-किरण नाहीत, फक्त मोठं चुंबक. चुंबक हा शब्द ऐकला आणि मामांनी ओठांशी नेलेला चहाचा कप परत बशीत ठेवला. पुढे अर्जात प्रश्न होता: शरीरात कुठे धातूचा तुकडा आहे का? मामींनी पेन उचललं आणि "नाही" वर ठसठशीत खूण केली. "तुमच्या अंगात धातू कसला? हट्टीपणा तेवढा आहे. त्याला इथे रकाना नाही."

चुंबक काय करतं हे मामांना कुणी सांगायची गरज नव्हती, जन्मभर ते ओठांपासून बोटभर अंतरावर वापरलं होतं. बोटभर हातोडी जर चूक अशी टिपते, तर खोलीएवढं चुंबक पोटातली चूक कुठून आणि कशी टिपेल, या विचाराने त्यांची झोप उडाली. बरं, सांगावं तर दुकानाला कुलूप. न सांगावं तर पोटाचं भरीत.

म्हणून तर मामी कापड आणायला बाहेर पडल्याबरोबर त्यांनी सदरा वर केला आणि हातोडी पोटावरून फिरवून पाहिली. आणि ती टक् करून चिकटली.

"हे काय चाललंय?" दारात मामी. पाकीट विसरल्या होत्या.

"खाज सुटली होती."

"हातोडीने खाजवता?"

मामांनी खाली पाहिलं. हातोडी पट्ट्याच्या बकलाला चिकटली होती. असा आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नसेल. पण तो काही टिकला नाही, कारण बकलाला चिकटली म्हणजे आत काही नाही असं थोडंच होतं?

तपासणीच्या दिवशी सकाळी उपाशी निघाले. सहा तास काही खायचं नाही, घोट-दोन घोट पाणी चालेल, नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशा घ्यायच्या. मामींनी अंगठी, घड्याळ, पट्टा सगळं घरीच काढून ठेवायला लावलं. त्यामुळे मामा एका हाताने विजार धरून चालत होते. "असे काय चालता? चोरासारखे?" मामींनी विचारलं. मामांना ते जरा जास्तच लागलं.

तपासणी करणारी बाई तरुण, चुणचुणीत. अर्ज हातात घेऊन तिने सगळे प्रश्न पुन्हा तोंडी विचारले. काका, छातीत पेसमेकर? नाही. जुनं ऑपरेशन, क्लिपा, स्क्रू? नाही. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता? नाही. मूत्रपिंडाचा त्रास? कशाची ॲलर्जी? नाही, नाही.

"शरीरात दुसरा कुठलाही धातू?"

"नाही, नाही," मामी म्हणाल्या.

"आजी, मला काकांकडून ऐकायचंय."

"मी आजी आणि हे काका?" मामी फणकारल्या. पण मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते भिंतीवरचं चित्र बघत होते, नालासारखं लाल चुंबक आणि त्याकडे झेपावणारी कात्री. मग त्यांनी घसा खाकरला आणि मामींकडे वळले.

"ऐक. माझी एक चूक पोटात घाल."

"कसली चूक?"

"मी घातली, तसलीच."

मामींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "घातली? कधी?"

"चार वर्षं झाली. तू हसवलंस तेव्हा."

"म्हणजे माझ्यावरच आलं?"

"तुझ्यावर कसं येईल? माझ्या आत गेली."

तपासणीवाल्या बाईने पेन खाली ठेवलं. तिला वाटलं, नवराबायकोचं काही घरगुती निघालंय. "काका, चूक म्हणजे नक्की काय झालं तुमच्याकडून?"

"चूक झाली नाही हो, चूक गिळली! खिळा! एवढा!" मामांनी करंगळीचं अर्धं पेर दाखवलं.

मग मात्र धावपळ झाली. आधी आतल्या डॉक्टरांना विचारलं, मग पोटाचा साधा एक्स-रे काढला. तो येईपर्यंत मामी समोरच्या खुर्चीत पाठ ताठ करून बसल्या होत्या. बोलल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. चाळीस वर्षांच्या संसारात मामी गप्प बसल्याचं हे दुसरं उदाहरण, आणि पहिल्या वेळी त्यांची दाढ काढलेली होती.

एक्स-रे स्वच्छ निघाला. ती चूक चार-आठ दिवसांतच आपल्या वाटेने निघून गेली असणार, डॉक्टर म्हणाले. कळांचा आणि तिचा संबंध नसावा. "पण सांगितलंत ते फार बरं केलंत. हे लपवून कुणी चुंबकाच्या खोलीत जाऊ नये."

"म्हणजे चार वर्षं हे नसलेली चूक पोटात सांभाळत होते," मामी डॉक्टरांना म्हणाल्या. मामांना नाही. मामांशी अबोलाच.

मग पिण्याचा कार्यक्रम. दीड लिटर गोडसर पाणी, तासाभरात संपवायचं, एकेक पेला करून. आतडं फुगून उलगडतं, मग भिंती नीट दिसतात. पहिला पेला मामांनी सरबतासारखा घेतला. तिसऱ्याला चेहरा पडला. पाचव्याला ते म्हणाले, "गादीत सुद्धा एवढं भरत नाही मी."

"भरा," मामी म्हणाल्या. तासाभरातला तो एकुलता एक शब्द.

हाताला सुई लावली. अंगावर गाऊन, मागून बंद. आतल्या टेबलावर पालथं झोपायचं होतं. मामा पालथे झाले आणि पहिल्यांदा काय केलं, तर टेबलाची गादी चिमटीत धरून पाहिली. "स्पंज दबलाय. शिवण पण बाजूने सुटत आलीय. कुणी केलंय हे?"

"काका, हलू नका."

"हलत नाही. नजरेस आणून देतोय."

कानांवर मोठे हेडफोन बसले, हातात रबरी फुगा दिला. घाबरं झालं तर दाबा, लगेच बाहेर काढू. सुईतून एक औषध गेलं, त्याने आतड्याची हालचाल जराशी थांबते, म्हणजे चित्र पुसट येत नाही. तोंड कोरडं पडलं. आणि मग यंत्र सुरू झालं. ठक् ठक् ठक् ठक्, मग धडधडधड, मग घर्रर्र. बाकीच्यांना धडकी भरते म्हणतात. मामांना वाटलं, शेजारी कुणी तरी घाईने सोफा ठोकतोय, आणि तोही बेताल. "जरा दमानं, बाबा," ते मनात म्हणाले.

"श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा," कानात आवाज आला. इथे मामांचा हात कोण धरणार? गालात चुका घेऊन तोंड मिटून दम धरायची उभ्या जन्माची तालीम. वीस सेकंद म्हणजे त्यांना किरकोळ. तपासणीवाली बाई काचेपलीकडून म्हणाली, "असा पेशंट आठवड्यात एखादाच मिळतो." पुढे दुसरं औषध गेलं, हाताला गार लागलं, आणि पाऊण तासाने टेबल बाहेर सरकलं.

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. आतड्याचा एक तुकडा सुजून अरुंद झाला होता, गोळ्यांनी उतरेल असा, कापाकापी नको. पण तो नंतरचा मजकूर. मामांच्या दृष्टीने खरा निकाल त्याच दुपारी लागायचा होता, कारण दुकान राहणार की जाणार हे रिपोर्टमध्ये येत नाही.

बाईने निघताना सांगितलं होतं, नजर थोडा वेळ धूसर राहील, गाडी चालवू नका. आणि ते गोड पाणी बाहेर येईल, तेव्हा दिवसभर संडासापासून लांब जाऊ नका. मामांनी मान डोलावली होती, तशी लोक डोलावतात. घराच्या पायऱ्या चढताना त्या सांगण्याचा अर्थ कळला. चपला एकीकडे, मामा दुसरीकडे, आणि दाराची कडी आतून.

तासाभरात चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला मामी स्टूल घेऊन बंद दाराबाहेर येऊन बसल्या. माणूस पळून जाऊ शकणार नाही अशी जागा त्यांना जन्मात पहिल्यांदाच सापडली होती.

"ऐकताय ना?"

"अगं, बाहेर येतो ना मी."

"नको. इथेच बोलू. चार वर्षं मनात भीती घेऊन बसलात, मला सांगावंसं वाटलं नाही?"

आतून बारीक आवाजात, "दुकान गेलं तर मी दिवसभर करू काय?"

मामींनी पदराने नाक पुसलं. आवाज मात्र तसाच कडक ठेवला. "कुलूप घालत नाही मी. माझं यंत्र कुठे नेऊ? पण चुका यापुढे वाटीत. मनगटाशी चुंबक बांधा, त्याला चिकटवा, काही करा. तोंडात एक चूक धरायची नाही. हसा, बोला, शिव्या द्या, तोंड रिकामं पाहिजे. कबूल?"

"कबूल."

"मागच्या वेळचं 'धिला' नको. स्वच्छ बोला. तोंडात काही धरणार नाही ना?"

आणि दाराआडून, जीव तोडून, ठोकेमामा म्हणाले, "अगं बाई, सध्या मला कुठेच काही धरता येत नाहीये, तोंडाचं काय घेऊन बसलीस!"