तिसरा हात

"कुणी सांगितलं होतं तुला घासायला?"

"तुम्हीच. घासल्याशिवाय रंग धरत नाही, हे पाळण्यात असल्यापासून ऐकतेय मी."

"ते गिऱ्हाइकाच्या सामानाला. हे घरातलं कपाट आहे."

"मग घरातल्या कपाटाला रंग आपोआप धरतो का?"

एरवी त्याला हसू आलं असतं. जिभेच्या बाबतीत लेक थेट आईवर गेली होती. पण आत्ता तो कपाटासमोर उकिडवा बसून दाराच्या मुठीखालच्या लाकडाकडे बघत होता. काम चोख होतं. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, भेगांत भरलेली लांबी, वर अस्तराचा पांढरा हात. कुठे खोट काढायला जागा नाही. शिकवण त्याचीच.

गल्लीत त्याला सगळे थांबाकाका म्हणत. लोकांच्या जुन्या खुर्च्या, पलंग, घरांच्या दर्शनी फळ्या रंगवण्यात त्याची हयात गेली, आणि त्या हयातीत त्याच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेले शब्द म्हणजे, "थांबा, ओला आहे." गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं, पण थांबायचं. थांबायची नाही ती फक्त बायको. नाकाला फडकं बांधून ती त्याच्या बरोबरीनं लाकूड घासायची, जुने पोपडे खरवडायची, त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण रंगाचा दुसरा हात देऊन झाला की तिला दम निघायचा नाही. वाळला का बघते, म्हणत बोट टेकवायचीच. ठसा उठायचा. तो कपाळाला हात लावायचा आणि तेवढा तुकडा पुन्हा घासायला घ्यायचा. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असे, "दोन हात तुमचे, तिसरा माझा."

हे कपाट त्या दोघांनी भंगारातून उचलून आणलं होतं. दुधी हिरवा रंग तिच्या पसंतीचा. त्यावरही तिनं बोट टेकवलंच, मुठीच्या खाली. तो दमलेला होता, म्हणाला, सकाळी घासतो. त्या सकाळी कुठलंसं दुसरं काम निघालं आणि राहिलं ते राहिलंच. पुढे ती आजारी पडली. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून त्यानं तोच शब्द किती वेळा म्हटला, थांब. तिनं तो कधी ऐकला होता?

तेव्हापासून सकाळी कपाटातून सदरा काढताना त्याचा अंगठा तिच्या बोटाच्या त्या खळग्यात जाऊन बसायचा. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हातारा कपाटाला हात लावतो, एवढंच.

माहेरी आलेल्या लेकीला मात्र दिसले ते सुटलेले पोपडे. बाप जगाचं रंगवत फिरतो आणि आईचं कपाट असं, हे तिच्या जिवाला लागलं. तो कामावर गेलेला बघून तिनं दिवसभर दार घासलं होतं.

"आईचं म्हणून केलं हो," आवाज उतरवून ती म्हणाली. "आवडलं नाही का?"

सांगितलं असतं तर पोरगी जन्मभर आपल्याच हातांकडे बघत बसली असती. त्याला ते ठाऊक होतं. अस्तर ओलं आहे, हेही त्याला नुसत्या चकाकीवरून कळत होतं. तरी त्यानं अंगठा पुढे केला.

"बाबा, थांबा, ओला आहे..."

अंगठा टेकला. खाली काही लागलं नाही. सपाट लाकूड. त्यानं बोट उचललं तेव्हा पांढऱ्यात त्याचा स्वतःचा ठसा उमटला होता.

लेक ठशाकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. रंगाऱ्याच्या हातून असं व्हावं?

"काही होतं का तिथं, बाबा?"

तो गुडघ्यावर हात देऊन उठला, चपला शोधू लागला.

"हे पुन्हा घासू," तिनं हळूच विचारलं, "की राहू दे?"

पांढरा अंगठा अंगापासून दूर धरून, कुठे लागू नये असा, तो जिना उतरून गेला.