मल्लप्पांचं धोतर

शुक्रवार पेठेतल्या मल्लप्पांच्या लुगड्यांच्या दुकानावर पाटी नव्हती. विचारलं की ते आपल्या धोतराचा सोगा पुढे करून म्हणत, "ही काय पाटी! वाच की." मी म्हणायची, यावर तर काहीच लिहिलेलं नाही. "तेच वाचायचं असतंय, मिसबाई." मी इंग्रजी शाळेत जायची, म्हणून ते मला मिसबाई म्हणत.

मुलांनो, गिऱ्हाइकाचा भरवसा कसा मिळवावा याचे तुमच्या कचेरीत वर्ग भरतात, असं तुम्ही पत्रातून कळवलंत. तसला वर्ग मी लहानपणीच पाहिला आहे, म्हणून मल्लप्पांची ओळख करून देते.

दुकानाच्या ओट्यावर पाण्याचं घंगाळ असे. गिऱ्हाईक आलं की लुगड्याच्या पदराचं टोक त्यात बुडवायचं आणि ते ओलं टोक स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर खसाखसा घासायचं, ही मल्लप्पांची रीत. धोतरावर डाग पडला नाही, तरच लुगडं विकायचं. दुपारी बायकांची जेवणं उरकली की ओट्यावर शाळाच भरे. कापड उजेडासमोर धरून वीण कशी पाहावी, चुरगाळून खळ कशी ओळखावी, हे सगळं ते शिकवत. "हितं शिका आन् घ्या कुटंबी. पन पानी दाखवल्याबिगर घेऊ नका. मानूस नातं बघतंय, पानी बघत न्हाई."

त्यांची बायको गंगव्वा आतून ओरडे, "समद्यांना शानं करून सोडा! मग आपल्याकडं कोन येनार?"

"शानी मान्सं येतील की. येड्यांसाठी समोरचं दुकान हाय."

समोर नुकतंच एक नवं दुकान उघडलं होतं. तिथे आरसे होते, ग्रामोफोन होता आणि पान खाणारे हसतमुख शेठ होते. बायका मल्लप्पांकडे शिकत आणि गाणं ऐकायला म्हणून समोर जात, त्या लुगडं घेऊनच परत येत. त्या वर्षी लग्नसराई हातची गेली, तर दुकान बंद करून गावी शेळ्या राखाव्या लागतील, असं गंगव्वा सगळ्यांना ऐकवत असे.

म्हणून मल्लप्पांनी डाळिंबी लुगड्यांचा मोठा गठ्ठा मागवला. रंगारी होता गंगव्वाचा सख्खा भाऊ इरप्पा. गठ्ठा सकाळी आला आणि दुपारी आमची आई ओट्यावर आली. मावशीच्या लग्नासाठी तिने एक लुगडं उचललं आणि सवयीने घंगाळाकडे वळली.

मल्लप्पा घाईघाईने म्हणाले, "र्‍हाऊ द्या अक्का. मेव्हन्याचा माल हाय. त्याला पानी दावलं तर घरात जेवन मिळंल का मला?"

"अण्णा, पाणी नातं बघत नाही ना?" आई म्हणाली. ओटाभर बायका खुदखुदल्या.

मल्लप्पांनी निमूटपणे पदर बुडवला आणि धोतरावर घासला. धोतर मांडीपासून खाली लालभडक झालं. समोरचे शेठ मुद्दाम ग्रामोफोन थांबवून बाहेर आले आणि म्हणाले, "वा मल्लप्पा! आज पाटी रंगवायला काढली वाटतं?"

मल्लप्पा बायकांकडे वळून म्हणाले, "बघून घ्या. आजचा धडा ह्योच. मास्तर नापास." आणि एकदम ताडकन उठले. त्याच गठ्ठ्यातलं एक लुगडं पाणी न दाखवताच सकाळी करमाळ्याच्या नवरीसाठी गेलं होतं! हळदीचं पाणी पडलं की त्या पोरीची फजिती होणार होती.

दुसरं पक्क्या रंगाचं लुगडं काखेत मारून ते मोटार पकडायला धावले.

"अवो, धोतर तरी बदला!" गंगव्वा ओरडली.

"बदलल्यावर तितं दावू काय?"

"जावा मग. इरप्पाकडं मी बघते!" पुढे इरप्पाची काय गत झाली, हे मला कधी नीट कळलं नाही. पण तो दिवाळीपर्यंत बहिणीच्या घरी फिरकला नाही.

करमाळ्यात वेळेवर पोचून मल्लप्पांनी लुगडं बदलून दिलं. वऱ्हाडातल्या बायकांनी विचारलं, धोतराला काय झालं? त्यांनी खरं ते सांगितलं आणि मांडवातच घंगाळ मागवून वर्ग घेतला. गठ्ठा इरप्पाकडे परत गेला. ते धोतर मात्र मल्लप्पांनी लग्नसराईभर नेसलं. धुऊन धुऊन ते गुलाबी झालं होतं. पोरं मागून हसत. मल्लप्पा थांबून त्यांनाही रंगाची परीक्षा शिकवत.

त्याच सराईत करमाळ्याहून बैलगाड्या येऊ लागल्या. गाडीवान पेठेत विचारत, "गुलाबी धोतराचं दुकान कुटं हाय?" समोरच्या दुकानात गाणं ऐकायला गेलेल्या बायकाही आता पाणी मागू लागल्या. शेवटी शेठनाही घंगाळ ठेवावं लागलं. पण स्वतःचं रेशीमकाठी धोतर घासायला द्यायची काही त्यांची छाती होईना. म्हणून त्यांनी एक पांढरा पंचा ठेवला आणि बायकांनी त्या पंच्यालाच 'मल्लप्पा' असं नाव पाडलं.

मल्लप्पा गेले त्यानंतर मी माहेरी आले होते. गंगव्वा एकटीच गादीवर बसून दुकान बघत होती. तेवढ्यात समोरून शेठ नोकराला ओरडले, "अरे, बाई खोळंबल्यात! मल्लप्पाला आण लवकर!"

गंगव्वाने डोळ्यांना पदर लावला. मग पदराआडून हसत म्हणाली, "बघ की मिसबाई. अजून शिकवायलाच गेल्यात. आन् ते बी त्याच्या दुकानात!"